बर्फाआधीचा पाऊस

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘द डेड’ ही कथा पुन्हा वाचल्याशिवाय उत्तर लिहायला बसवेना, म्हणून हा उशीर. तू विचारलंस, जॉइसच्या या कथेतला बर्फ नेमका कशाचं प्रतीक, मृत्यूचं की क्षमेचं? मलाही आजवर हाच प्रश्न पडत आला होता. या खेपेला मात्र नजर बर्फावरून पावसाकडे गेली.

गॅब्रिएल पहिल्यांदा दिसतो तो आठव. मावश्यांच्या घरी मेजवानीला येतो आणि दारातच बुटांवर चढवलेले रबरी गॅलोश पुसत उभा राहतो. त्याची बायको ग्रेटा हसत सांगते, हा मलाही घाल म्हणून मागे लागला होता. बायकोचे पाय भिजू नयेत ही त्याची काळजी खोटी नाही. मला त्यात प्रेमच दिसतं. पण शेवटी हॉटेलच्या खोलीत कळतं, की पूर्वी ग्रेटाच्या आयुष्यात, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गॉलवे गावात, मायकल फ्यूरी नावाचा एक पोरगा होता. ती डब्लिनच्या कॉन्व्हेंटात निघाली त्याच्या आदल्या रात्री तो आजारातून उठून आला आणि भर पावसात बागेच्या टोकाला, झाडापाशी कुडकुडत उभा राहिला. ती घरी जा म्हणून विनवत राहिली, तर म्हणाला, मला जगायचं नाही. ती कॉन्व्हेंटात पोचून आठवडा होतो न होतो तोच तो गेला. जेमतेम १७ वर्षांचा. एक प्रेम पाऊस अंगाला लागू देत नाही, दुसरं तो अंगावर घेतं. जॉइस हे कुठेच बोलून दाखवत नाही. गॅलोश सुरुवातीला आणि पाऊस शेवटाला ठेवून तो मोकळा होतो.

ग्रेटाला हे सगळं आठवतं ते ‘द लास ऑफ ऑग्रिम’ या जुन्या गाण्यामुळे. त्या गाण्यातली मुलगी लेकराला घेऊन बंद दाराबाहेर पावसात भिजत उभी असते. इथे भिजतो तो मुलगा, आणि ग्रेटा जिना उतरून त्याच्याकडे धावत जाते. ती खाली गेली होती, हे विसरू नकोस.

आता जिन्याचा प्रसंग. गाणं ऐकत अंधारात उभी असलेली बायको गॅब्रिएलला खालून दिसते, आणि तो स्वतःशी विचारतो, अशी ऐकत उभी राहिलेली स्त्री कशाचं प्रतीक असेल? आपण चित्रकार असतो तर हिला असंच रंगवलं असतं, चित्राला ‘दूरचं संगीत’ नाव दिलं असतं, असंही त्याच्या मनात येतं. सुधीर, इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. तू आणि मी इतकी वर्षं विचारतोय तोच हा प्रश्न! ती कुणासाठी ऐकतेय, हे त्याच्या मनातही येत नाही. आई गेल्यावर तिच्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा खिडकीत बसलेली आई एवढंच चित्र माझ्या हाती लागलं. ती बाहेर काय बघायची, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

जॉइसनं ही कथा १९०७ साली पुरी केली, ती ज्यात आहे तो ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह छापून यायला १९१४ उजाडलं. त्याची बायको नोराही गॉलवेचीच. तिच्या ओळखीचा मायकल बॉडकिन असाच कोवळ्या वयात गेला होता. बायकोच्या मनातल्या त्या मुलाला नवऱ्यानं आपल्या कथेत एवढी जागा द्यावी, याचं मला फार वाटतं.

आणि बर्फ? पावसाचंच पाणी ते, थिजलेलं. ग्रेटा रडून झोपी गेल्यावर गॅब्रिएलचे डोळे भरून येतात, आणि अंधारात त्याला एक मुलगा दिसतो, पाणी ठिबकणाऱ्या झाडाखाली उभा. आयुष्यात प्रथमच तो त्या पावसाच्या जवळ जातो. मग काचेवर हलकी टकटक होते. तो वळून बघतो, तर बाहेर पुन्हा बर्फ पडू लागलेला असतो. त्या रात्री मायकलनंही असेच खडे फेकले होते ग्रेटाच्या खिडकीवर. ते पान परत वाच आणि तुला ती टकटक कशी ऐकू आली, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
मोहन