विद्यालक्ष्मी फक्त टॉपवाल्यांनाच?

महोदय,
पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण-जामीनदाराशिवाय एज्युकेशन लोन मिळतं ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली, चांगलंच आहे, पण ही सोय देशातल्या टॉप संस्थांपुरतीच (सुरुवातीच्या यादीत 860) आहे हे कुणी ठळक सांगत नाही. तालुक्याच्या साध्या कॉलेजात ॲडमिशन घेतलेल्या पोराला साडेसात लाखांच्या वर लोन हवं असलं की बँक घराचे कागद मागणार, आणि घर अजून आजोबांच्या नावावर, म्हणजे काका-आत्या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा (एक आत्या हमखास रुसलेली असते). या योजनेतली तीन टक्के व्याजसवलतही वर्षाला एकाच लाख विद्यार्थ्यांना. टॉप कॉलेजवाल्याला बँका तशाही बोलावून लोन देतात, सरकारची हमी खरी लागते ती बाकीच्यांना.

- एक पालक, बार्शी