अंगावर काढलेला ताप

प्रिय सुहास,

तुझी लांबलचक मेल आज दुपारी वाचली. वसतिगृहाचा प्रतिनिधी झालास आणि पहिल्याच महिन्यात मजल्यावरचे सात जण तापाने आडवे, हे वाचून आधी हसू आलं, मग गेल्या वर्षीचं माझंच सगळं आठवलं. काय करू ते सांग, म्हणतोस. मी काही डॉक्टर नाही, पण फ्लू पसरवण्याचा अनुभव तुझ्या ओळखीत माझ्याइतका कुणाला नसेल. तेच आधी सांगतो.

सबमिशनचा आठवडा होता. सोमवारी रात्री झोपताना ठणठणीत होतो. मंगळवारी पहाटे जाग आली तीच अंग मोडून आल्यामुळे. डोळ्यांच्या मागे ठणका, पांघरुणात हुडहुडी. साधी सर्दी नाकातून हळूहळू येते रे, फ्लू दार ढकलून आत शिरतो. पॅरासिटामॉल घेतली, घाम आला, ताप उतरला आणि मी प्रात्यक्षिकाला गेलो. हजेरी कमी भरत होती ना! चौघं एका टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून बसलेलो. रुमालात शिंकायचो, रुमाल खिशात कोंबायचो आणि त्याच हाताने पेन उचलायचो. पेन एकच चालत होता, तो चौघांच्या हातांतून फिरून परत माझ्याकडे यायचा. पाण्याची बाटलीही एकच. वर सगळे म्हणाले, काय जिगर आहे, तापात आलाय!

गुरुवारी दोघं गैरहजर. शुक्रवारी आमच्या चौघांतल्याच निखिलला धाप लागली. त्याला दमा आहे, आणि ते मला ठाऊक होतं. दोन रात्री दवाखान्यात काढल्या त्याने.

आपण किती सहज म्हणतो बघ, ‘दुखणं अंगावर काढलं’. मी अंगावर काढायला निघालो आणि दुसऱ्यांच्या अंगावर घातलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की दिवसांचा हिशोब चोख जुळतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून १ ते ४ दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, ताप येतो. आणि खरी मेख पुढे आहे. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवायला लागतो आणि पुढे ५ ते ७ दिवस पसरवू शकतो. म्हणजे सोमवारी रात्री खोलीत गप्पा मारत बसलो होतो तेव्हाही मी तेच काम करत असणार. म्हणून ‘खोकणाऱ्याला हुडकून वेगळं ठेवतो’ ही तुझी योजना चांगली असली तरी निम्मीच आहे. खिडक्या रोज उघडायला लाव, कुणी आजारी असो वा नसो. गोळीने ताप उतरला म्हणजे विषाणू गेला असंही नाही. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि अंगात जरा त्राण आलं, तरच वर्गात जायचं. हा एक नियम पाळला असता, तर निखिलला कदाचित दवाखाना दिसला नसता.

आता हात धुण्याबद्दल. आमच्या मजल्यावर बेसिनच्या वर हात धुण्याचं सुरेख पोस्टर होतं, आणि खाली साबण नव्हता. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही! तू आजच जाऊन बघ, साबण आहे का. दाराची कडी, कळफलक अशा कडक पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो. तेव्हा साबणाने वीस सेकंद चोळून हात धुवायचे, किंवा निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर वापरायचं. एवढं पुरे, बादल्या भरभरून जंतुनाशक ओतत बसू नकोस. मास्कची थट्टा होते, पण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या वसतिगृहांत २००६-०७ च्या हंगामात याची चाचणी झाली होती. जिथे मास्क आणि हातांची स्वच्छता दोन्ही होतं, तिथे काही आठवड्यांनी फ्लूसारखा आजार ३५ ते ५१ टक्के कमी दिसला. नुसत्या मास्कने तेवढा ठोस फरक दिसला नाही. माझं मत विचारशील, तर आजारी मुलाने आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याने दोन्ही करावं, बाकीच्यांच्या मागे लागू नये.

लशीवरून तुझी वादावादी झाली म्हणतोस. ‘टोचून घेतली की फ्लूच होतो’ म्हणणाऱ्याला सांग, इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखेल, फार तर दिवसभर कणकण वाटेल. मात्र ती चिलखतही नाही. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. अंदाज जुळला त्या वर्षी डॉक्टरकडे जाण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी घटते. मला तर हे बरंच वाटतं. टोचल्यावर शरीराच्या तयारीला दोन आठवडे लागतात, म्हणून हंगामाच्या आधीच घ्यायची. यंदा मी आणि निखिल बरोबरच गेलो. ‘तू माझ्या पुढे उभा राहा, मागे नको,’ एवढंच तो म्हणाला.

‘आपण तरुण, आपल्याला काय होतंय’ हे मीही म्हणायचो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसं फार मोठ्या संख्येने गेली होती. दरवर्षीचा फ्लू तसा नसतो, पण धाप लागली, छातीत दुखलं, बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा उतरलेला ताप परत चढला, तर सकाळची वाट बघायची नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ऑसेलटामिवीरसारखं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि ते द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील. दमा, मधुमेह असलेली मुलं तुझ्या मजल्यावर कोण आहेत, हे मात्र तुला तोंडपाठ हवं.

तरी पोस्टर आणि साबणाच्या आधी रेक्टरांशी हजेरीचं बोल, असं मी म्हणेन. आमच्याकडे दोन दिवसांच्या तापालाही डॉक्टरचा दाखला लागायचा. म्हणजे तापाने फणफणलेल्या मुलाने दाखल्यासाठी तासभर गर्दीत बसायचं! त्यापेक्षा लोक गोळी घेऊन वर्गात येतात, मीही तेच केलं. दाखल्याशिवाय तीन-चार दिवसांची सूट मिळव. दोन खोल्यांमागे एक जण असा ठरव, की जो आडवा पडलेल्याला वह्यांचे फोटो पाठवेल आणि जेवण दाराशी ठेवेल. आजारी पडल्याने काही बुडत नाही अशी खात्री पटली की माणूस आपण होऊन झोपून राहतो.

आणि हो. मेलच्या शेवटी तू सहज लिहून गेलायस, की कालपासून तुझाही घसा खवखवतोय, तरी रात्री थर्मामीटर घेऊन सगळ्या खोल्यांची फेरी मारणार आहेस. नको मारूस. थर्मामीटर पुसून दुसऱ्या कुणाकडे तरी दे आणि दार लावून पड.

तुझाच,
आनंद