चिंगीचा नायटा

फोंडा, नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय नलू,

चवथीला छोटीला घेऊन येतेस म्हणून वाचलं, आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. आमच्या घरात सध्या नायटा आहे गं. मला आणि चिंगीला.

चिंगी म्हणजे आमच्या चिरंजीवांनी ज्येष्ठात मासळीबाजारातून उचलून आणलेलं पिल्लू. कानामागे रुपयाएवढं टक्कल होतं. कुठंतरी भांडली असेल म्हणून मी सोडून दिलं. झोपते माझ्या डाव्या हातावर. पंधरवड्यात तिथंच लाल कडं उठलं, काठाला कोंडा, मध्ये कातडी स्वच्छ. सासूबाईंनी तायकिळ्याचा पाला वाटून लावला. (उरलेल्याची भाजी केली, ती मात्र झकास झाली.) मग औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज गायब! थांबवली तर दुप्पट पसरलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटून वाचली नि कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं. ते लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मात्र मोकळं रान. मग त्यांनी विचारलं, "घरात मांजर आहे?"

पशुवैद्यांनी खिडक्या लावून अंधार केला आणि जांभळा दिवा धरला. नलू, कानामागचे केस काजव्यासारखे हिरवे चमकले! मी चिंगीला धरायचीच विसरले. मायक्रोस्पोरम कॅनिस नाव बुरशीचं. कॅनिस म्हणजे कुत्र्याची, आणि बिऱ्हाड बहुतेक मांजरांकडे. या दिव्याखाली केस दरवेळी चमकतातच असं नाही, म्हणून ते कल्चरलाही दिले, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातून बुरशी उगवते का बघायला.

आता चिंगीला इट्राकोनॅझोल पाजायचं आणि आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू. माझ्या हातावरचे ओरखडे बघशील तर नायट्याचं काहीच वाटणार नाही. पण खरा वैताग केसांचा. गळलेल्या केसांतले बीजाणू वर्षभरसुद्धा टिकतात म्हणे. रोज झाडा, पुसा, चादरी धुवा; आणि या पावसात फोंड्यात चादर वाळते कधी?

लागोपाठ दोन कल्चर कोरी आल्याशिवाय ती बरी झाली म्हणायचं नाही, आणि एकेका रिपोर्टाला दोन-तीन आठवडे. म्हणजे चवथीपर्यंत ती माडीवरच्या खोलीत कोंडलेली असणार, आणि तुझी छोटी दाराबाहेर ठाण मांडून. लहान मुलांना तर हे लगेच लागतं. तेव्हा तू एकटीच ये, छोटीला आजीकडे ठेव. दिवाळीत मात्र तिला नक्की आण, नरकासुराचे पुतळे दाखवू.

गणपतीवर टांगलेल्या माटोळीतली केळी तुझ्या वाटणीची ठेवते.

तुझी,
शुभा