सायकलचे माप चाकावरून ठरवू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की सायकलींच्या दुकानांत गर्दी होते आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘24 इंची दाखवू की 26?’ हा आकडा चाकाचा असतो. बसणाऱ्याच्या अंगाशी ज्याचा खरा संबंध आहे ते फ्रेमचे माप, म्हणजे पायडल ज्या आसाभोवती फिरते तिथपासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर, किमतीच्या चिठ्ठीवर बहुधा नसतेच. वास्तविक त्याच 26 इंची चाकांवर 15 इंचांची फ्रेमही मिळते आणि 19 इंचांचीही.

गेल्या वर्षी मीही याच प्रश्नाला फसले. माझी उंची पाच फूट एक इंच. मला 18 इंची फ्रेमची हायब्रिड (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या घडणीची) सायकल देण्यात आली आणि ‘ताई, सीट खाली घेतली की झालं’ असे सांगण्यात आले. सीट पार तळाला नेल्यावर पाय टेकू लागले खरे, पण सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर तेवढेच राहिले, त्यामुळे हात ताणून आणि मान उचलून चालवावे लागे. पंधरवड्यात तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या आणि मान धरली. सीट खाली-वर करून पायांचा प्रश्न सुटतो, धडाचा आणि हातांचा सुटत नाही, हे मला पैसे मोजून झाल्यावर कळले.

माप घरीच घेता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पावलांत वीतभर अंतर ठेवावे, एखादे जाड पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखे घट्ट वर दाबून धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे. माझे हे माप 72 सेंटिमीटर भरले. त्याला 0.883 ने गुणले की पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते (माझ्या बाबतीत साडेत्रेसष्ट सेंटिमीटर) आणि 0.66 ने गुणले की रोड सायकलच्या फ्रेमचे माप, म्हणजे माझ्यासाठी सुमारे 47.5 सेंटिमीटर. हायब्रिड आणि माउंटन सायकलची फ्रेम याहून लहान घेतात. मात्र हे गणित आडव्या दांडीच्या जुन्या घडणीवर बेतलेले आहे. आता दांडी मागे उतरती असते आणि सीटची नळी आखूड, त्यामुळे दांडीची आडव्या रेषेत मोजलेली लांबीही पाहावी लागते. शिवाय एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसरीच्या ‘स्मॉल’एवढा निघू शकतो.

मुलांसाठी ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेणाऱ्या पालकांनी तर मुलाचे पाय टेकतात का आणि बोटे ब्रेकपर्यंत पोचतात का, एवढे तरी दुकानातच पाहावे. आमच्या पिढीने वडिलांच्या 24 इंची फ्रेमच्या काळ्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारले, हे खरे. पण तेव्हा घरात सायकल एकच होती आणि रस्ते मोकळे होते.

दुकानदारांनी चाकाच्या आकड्याशेजारी सीटच्या नळीची आणि दांडीची लांबी चिठ्ठीवर लिहावी, एवढीच विनंती आहे. कंपनीच्या तक्त्यात ही मापे सहसा दिलेली असतात. माझी सायकल आता पावणेसहा फुटी भाचा चालवतो. सीट वर घेतल्यावर ती त्याला बरोबर बसते.

आपली,
एक सायकलस्वार वाचक, पुणे