एकच उचल दोनदा वजा : अडत दुकानाच्या वेब ॲप्लिकेशनबाबत तक्रार

सांगली, १८ मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मार्केट यार्डात माझं हळदीचं अडत दुकान आहे; शेतकऱ्यांचा माल मी कमिशनवर विकून देतो. दोन वर्षांपासून दुकानाचा सगळा हिशोब आपल्या वेब ॲप्लिकेशनवर आहे. ६ मार्चला कडेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदात, ४०,००० रुपयांची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) दोनदा वजा झाली. पट्टी हातात घेऊन ते बराच वेळ बाकावर बसून राहिले. मग खिशातली छोटी वही काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. तीत उचल एकदाच लिहिलेली होती. त्यांचा माल आमच्याकडे माझ्या वडिलांच्या काळापासून येतो. राहिलेले पैसे मी त्याच दिवशी दिले, पण 'कॉम्प्युटरची चूक' असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. पट्टीवर नाव माझ्या दुकानाचं असतं.

आपल्या माणसाने फोनवर सांगितलं, 'तुमचं इंटरनेट स्लो आहे, मुनिमांनी सेव्हचं बटण दोनदा दाबलं.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सौद्याच्या वेळी यार्डात नेट अडखळतं आणि चाक फिरत राहिलं की माणूस पुन्हा बटण दाबतोच. पण म्हणून नोंदही दोनदा व्हावी?

माझा पुतण्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकतो. त्याने हे मला कागदावर काढून दाखवलं. मुनीम बटण दाबतात तेव्हा ब्राउझर आपल्या सर्व्हरकडे एक विनंती पाठवतो. सर्व्हर ती तपासून डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि 'झालं' असा निरोप परत धाडतो. त्या दिवशी नोंद झाली होती, फक्त परतीचा निरोप वाटेत हरवला. पडद्यावर चाक फिरतच राहिलं. मुनिमांना वाटलं काम झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं आणि सर्व्हरने ती नवी उचल समजून दुसऱ्यांदा कापली. पुतण्या म्हणतो, यावरचा उपाय जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे. फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आली तर सर्व्हरने नवी नोंद न करता पहिल्याच नोंदीचं उत्तर द्यायचं. नेट कुठेही, कधीही तुटू शकतं हे गृहीत धरूनच असं काम बांधायचं असतं. पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या वस्तूत ही काळजी नसावी, याचं मला फार वाईट वाटलं.

आपली वस्तू मी हौसेने घेतलेली नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या कचेरीत पाणी शिरलं. वह्या गेल्या, कॉम्प्युटर गेला आणि त्यातला हिशोबही गेला. कोणाचं किती देणं, कोणाकडून किती येणं, हे आम्ही लोकांच्या तोंडी शब्दावर पुन्हा उभं केलं. हिशोब दुकानाबाहेर, सुरक्षित सर्व्हरवर राहावा म्हणून आपल्याकडे आलो. त्याचा उपयोगही झाला, हे मी मोकळेपणाने लिहितो. वजनकाट्याजवळच्या मोबाइलवर भरलेलं वजन गादीवर लगेच दिसतं. गोदामातला माणूस तीच नोंद पाहतो. प्रत्येक मशीनवर काही बसवावं लागत नाही, ब्राउझर असला की झालं. शेतकऱ्याला गावी बसून पट्टी पाहता येते. याच कारणाने शेजारच्या दोन दुकानदारांना मी आपलं नाव सुचवलं होतं. आज त्यांना काय सांगू?

आणखी एक. बदल एकाच ठिकाणी, सर्व्हरवर, केला की सगळीकडे लागू होतो, ही सोय आपण मला विकताना सांगितली होती. फेब्रुवारीत ऐन आवकेत, काही न कळवता आपण पट्टीचा पडदाच बदललात. हमाली आणि तोलाईचे रकाने उलटसुलट झाले. सकाळी सौदे सुरू, बाहेर पोत्यांची थप्पी, आणि मुनीम रकाने शोधत बसलेले. असे बदल हंगाम सरल्यावर करावेत, निदान आठ दिवस आधी कळवावेत.

१ जानेवारीपासूनची प्रत्येक उचल आणि वजावट आपण तपासावी व दुबार नोंदींची यादी मला लेखी द्यावी. माझ्या नजरेतून निसटलेला आणखी एखादा शेतकरी कमी पैसे घेऊन घरी गेला असेल, तर मला तो शोधून काढायचा आहे. यादी ३१ मार्चपर्यंत मिळावी आणि दुबार नोंदीचा दोष त्याआधी दुरुस्त व्हावा. माझा संपूर्ण डेटा एक्सेलमध्ये दर महिन्याला, वेगळे पैसे न आकारता, मिळावा. तो हिशोब माझा आणि माझ्या शेतकऱ्यांचा आहे.

तोवर उचलीच्या नोंदी आम्ही लाल वहीत हाताने लिहीत आहोत आणि प्रत्येक पट्टी तिच्याशी ताडूनच देत आहोत. आपला माणूस पाठवणार असाल तर दुपारनंतर पाठवा. सकाळी सौद्यात कोणाला बोलायला सवड नसते.

आपला,
हळदीचा अडत व्यापारी,
मार्केट यार्ड, सांगली

सोबत : ६ मार्चच्या पट्टीची व शेतकऱ्याच्या वहीतील पानाची छायाप्रत