गाण्याचा कागदही मुलांसमोर हवा

मा. संपादक,

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरवले आहे. त्या निमित्ताने पहिली-दुसरीच्या वर्गांत मुलांकडून बडबडगीते म्हणवून घेतली जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हेच वर्ग तीस वर्षे शिकवल्यानंतर एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते : गाणे मुलांना तोंडपाठ होते, पण त्याचा लिहिलेला मजकूर त्यांच्या डोळ्यांसमोर क्वचितच असतो.

मराठी वाचू लागलेल्या मुलाची एक खास अडचण आहे. ‘सरबत’ हा शब्द आपण चार अक्षरांत लिहितो, पण बोलताना ‘सर्-बत्’ असे दोनच ठोके पडतात; उरलेले ‘अ’ आपण गिळून टाकतो. त्यामुळे मूल स-र-ब-त अशी सुटी अक्षरे बरोबर वाचते, तरी हा आपल्या रोजच्या ओळखीचा शब्द आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. संथ लयीत गाताना मात्र गिळलेला ‘अ’ परत येतो आणि प्रत्येक अक्षराला आपला ठोका मिळतो. आपले अभंग अक्षरे मोजूनच रचलेले आहेत. ‘मोठा अभंग’ या प्रकाराच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे येतात, आणि कधी शाळेत न गेलेल्या वारकऱ्याच्या कानालाही ती मोजणी ठाऊक असते. ह्रस्व-दीर्घाचेही तसेच आहे. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक नियम पाठ करून जेवढा उमगत नाही, तेवढा ‘दि’ला एक आणि ‘दी’ला दोन टाळ्या वाजवताना उमगतो.

माझ्या वर्गात मी गाणे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावत असे. सगळी मुले गात असताना एक जण फूटपट्टीचे टोक शब्दाशब्दावर ठेवी. चार दिवसांनी मी एखादा शब्द झाकत असे, आणि पुढे ओळींच्या पट्ट्या कापून त्या क्रमाने लावायला देत असे. दिवाळीपर्यंत पुस्तक उघडताच रडू लागणाऱ्या एका मुलाने ‘वाटी’वरून ‘पाटी’ स्वतः वाचले, तेव्हा तो उठून भिंतीपाशी गेला आणि त्या शब्दाला हात लावून आला.

हल्ली अनेक वर्गांत ध्वनिमुद्रित गाणी मोठ्या आवाजात लावली जातात. त्यांची लय इतकी द्रुत असते, की अक्षरे वाद्यांखाली बुडतात आणि मुले केवळ हातवारे करतात. शिक्षण विभागाला माझी विनंती आहे, की शिक्षकांच्या आणि अंगणवाडी ताईंच्या प्रशिक्षणात संथपणे, स्वतःच्या आवाजात गाण्याचा सराव घ्यावा, आणि प्रत्येक वर्गाला गाणी लिहिण्यासाठी मोठे कोरे कागद व जाड टोकाचे पेन पुरवावेत.

एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सातारा