आठव्या महिन्यात घर बदललं, आता नाव कुठे घालायचं? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

आमच्या भाडेकराराचे ११ महिने संपले तेव्हा मला गरोदरपणाचा ३३ वा आठवडा लागला होता. ठाण्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली, करार वाढवून मिळणार नव्हता, आणि दोघांच्या पगारात बसेल असं घर मिळालं ते बदलापूरला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा सासूबाई प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहीत होत्या. माझी फाइल मात्र मी कुठल्याच खोक्यात जाऊ दिली नाही. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठाण्यापासून बदलापूरपर्यंत मांडीवर धरून बसले.

ठाण्याच्या डॉक्टर फार चांगल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "कळा सुरू झाल्यावर तिथून इथवर येण्याचा विचार करू नकोस. जवळ चांगलं हॉस्पिटल बघ आणि लगेच नाव घाल." सल्ला योग्य होता. तो पाळायला मला ११ दिवस लागले, आणि त्या ११ दिवसांत जे पाहिलं त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडलीसुद्धा नाही. "कितवा आठवडा? तेहेतिसावा? ३२ नंतरची नवीन केस डॉक्टर घेत नाहीत." मग मी कुठे जाऊ, असं विचारलं तर म्हणाली, "जिथे नाव आहे तिथेच जा ना." दुसऱ्या ठिकाणी घ्यायला तयार होते, पण सगळ्या तपासण्या नव्याने आणि त्यांच्याच लॅबमधून. एचआयव्ही, कावीळ, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं दीड महिन्यापूर्वी झालेलं होतं आणि रिपोर्ट समोर पडलेले होते. हिमोग्लोबिन पुन्हा बघणं मी समजू शकते. बाकीच्याचं कारण मला कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या दवाखान्याची इमारत नवी होती, खोल्या स्वच्छ होत्या, सिस्टर प्रेमाने बोलल्या. मी विचारलं, रात्री दोन वाजता सिझेरियन करायची वेळ आली तर भूल द्यायला कोण असतं? "भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात." बोलावल्यावर म्हणजे किती वेळात? "कल्याणहून येतात." आणि रक्त लागलं तर? "रक्त नातेवाइकांनी आणायचं." आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? "मग दुसरीकडे हलवतो." हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की हे प्रश्न मी विचारले म्हणून उत्तरं मिळाली. माझ्या शेजारच्या बाकड्यावर बसलेल्या दोन्ही बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. त्यांची नावं तिथे आधीच घातलेली होती.

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, म्हणून मला हे विचारायचं सुचलं. याच कारणाने फाइलचं महत्त्व मला कळलं, आणि ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या खात्याचा संबंध तिथेच येतो.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होऊ शकतात. ती होऊ नयेत म्हणून २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक. मला पहिलं इंजेक्शन ठाण्यात मिळालं होतं. बदलापूरला आल्यावर चौथ्या ठिकाणी, कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये, प्रतिपिंडांची चाचणी केली तर ती किंचित पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. इंजेक्शननंतर काही आठवडे चाचणी अशी येऊ शकते, कारण इंजेक्शनमधलीच प्रतिपिंडं रक्तात असतात. पण इंजेक्शन घेतलेलंच नसेल तर तोच रिपोर्ट बाळाला धोका असल्याची खूण ठरतो. म्हणजे सगळं एका तारखेवर आलं, आणि ती तारीख ठाण्याच्या कागदांवर कुठेच नव्हती. औषधाचं नाव चिठ्ठीवर होतं, दिल्याची नोंद नव्हती. दवाखाना त्या दिवशी बंद, फोन कुणी उचलेना.

इंजेक्शन देताना तिथल्या सिस्टरने मला औषधाच्या खोक्याची एक पट्टी कापून दिली होती. बॅच नंबर छापलेला, वर पेनाने तारीख. "जपून ठेव गं, लागते कधी कधी," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. ती पट्टी फोल्डरच्या शेवटच्या कप्प्यात होती. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरून वाचली आणि मग खुर्चीत नीट टेकून बसल्या. ती पट्टी एखाद्या खोक्यात गेली असती तर पुढचे चार आठवडे आम्ही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या वाऱ्या करत भीतीत काढले असते. एका सिस्टरच्या चांगुलपणावर हे अवलंबून असावं का, महोदय?

नियम नाहीत असं नाही. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. आपल्या राज्याने २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. मी पाहिलेल्या चार खाजगी ठिकाणांपैकी एकाच्या भिंतीवर ती दिसली, तीही कुंडीच्या मागे. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर उपचारांआधी मागितल्या जाणाऱ्या अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला. त्या वेळी बऱ्याच जणांना हे नियम आहेत हेच पहिल्यांदा कळलं. गरोदर बाईला ते त्याआधी, नाव घालायच्या दिवशी कळायला हवेत.

सरकारी रुग्णालयाबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. तिथेही मी गेले होते. गर्दी फार होती, पण "कितवा आठवडा" हे ऐकून कुणी मला परत पाठवलं नाही. "कळा सुरू झाल्या की या, नाव असो नसो," असं सांगितलं. हे वाक्य मला त्या ११ दिवसांत फक्त तिथे ऐकायला मिळालं. निगेटिव्ह रक्ताची खात्री तिथे कुणी देऊ शकलं नाही, म्हणून मी पुढे गेले. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त, जेवण आणि घरापर्यंतची ने-आण मोफत आहे, हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. ते सांगितलं आमच्या भागातल्या आशाताईंनी. त्या घरोघरच्या नोंदीसाठी आल्या होत्या. माझं पोट बघून आत आल्या, पाणी प्यायल्या, माता-बाल संरक्षण कार्ड भरून दिलं आणि आरसीएच पोर्टलवर, म्हणजे गरोदर बायका आणि बाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करून नंबरही मिळवून दिला. आठ महिने खाजगीत तपासण्या झाल्या, पण तोवर माझ्याकडे तो नंबर नव्हता. म्हणजे सरकारच्या लेखी मी त्या दिवशी गरोदर झाले.

मी काही अपवाद नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. डोहाळजेवण झालं की सातव्या-आठव्या महिन्यात किती मुली एका गावची फाइल घेऊन दुसऱ्या गावी जातात! ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दिवस भरत आलेले असताना बीडहून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्यापुढे तर चार दवाखाने बघून निवड करण्याचा प्रश्नच येत नाही. राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं आज दवाखान्यात होतात आणि मातामृत्यूंच्या बाबतीत महाराष्ट्र देशातल्या चांगल्या राज्यांत आहे, याचा मला अभिमान वाटतो. बाई दवाखान्यात यावी यासाठी आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. ती आली आहे, हातात फाइल घेऊन काउंटरपाशी उभी आहे.

तेव्हा माझं मागणं आहे. प्रत्येक तपासणीनंतर, खाजगी असो की सरकारी, बाईच्या हातात एक पान द्या, ज्यावर रक्तगट, झालेल्या तपासण्या, दिलेली इंजेक्शनं तारखांसकट आणि धोक्याच्या गोष्टी लिहिलेल्या असतील. ते पान कुठल्याही दवाखान्याने ग्राह्य धरावं, आणि पुन्हा तपासणी करायची तर कारण सांगावं. प्रसूतिगृहाच्या दाराशी एक फलक लावायला लावा: रात्री इमारतीत डॉक्टर कोण, भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोचतो, रक्ताची सोय कुठून, नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे का, आणि नॉर्मल व सिझेरियनचा दर. हाच तपशील तालुकावार तुमच्या खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत टाका. आणि आठवडा बघून नाकारायचंच असेल तर दवाखान्याने ते लेखी द्यावं, सोबत जवळच्या अशा ठिकाणाचं नाव लिहून, जिथे तिला घेतलं जाईल. निव्वळ "घेत नाही" हे उत्तर बंद व्हायला हवं.

शेवटी मी कल्याणचं निवडलं, कारण तिथे रक्त, भूल आणि बाळाची पेटी एकाच छताखाली होती. माझ्या नवऱ्याने आधी दोनदा मोटरसायकलवरून रस्ता मोजून पाहिला. रात्री दोन वाजता अर्धा तास लागला, संध्याकाळी सात वाजता त्याच्या दुप्पट. माझी पाण्याची पिशवी फुटली ती संध्याकाळी पावणेसहाला. अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडताना रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नव्हता आणि मी मांडीवरचं फोल्डर घट्ट धरून बसले होते. सव्वा तास लागला. मुलगी रात्री ११ नंतर झाली. तिचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला दुसरं इंजेक्शन मिळालं. त्या खोक्याची पट्टी मी स्वतः मागून घेतली.

मुलगी आता सात महिन्यांची आहे. आमच्या मजल्यावर गेल्या महिन्यात एक जोडपं नाशिकहून राहायला आलं. तिला ३१ वा आठवडा चालू आहे आणि परवा ती विचारायला आली होती, "ताई, तुम्ही नाव कुठे घातलं होतं?" मी तिला माझ्या वहीतलं प्रश्नांचं पान फाडून दिलं आणि आशाताईंचा नंबर दिला. शनिवारी तिच्याबरोबर मीही जाणार आहे. ३२ वा आठवडा लागायला तिला पाच दिवस उरले आहेत.

आपली,
एक आई, बदलापूर